पदर सावरा म्हणण्याआधी शाफ्ट झाका

दसरा ते दिवाळी या दिवसांत मराठवाड्यातल्या कुठल्याही वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती चाळा. सोयाबीनचा भाव, परतीचा पाऊस आणि रखडलेला पीकविमा यांच्यामध्ये कुठेतरी चार ओळींची एक बातमी सापडते. मळणी यंत्रात स्कार्फ अडकून मजूर महिलेचा मृत्यू. कधी स्कार्फ असतो, कधी पदर, कधी पोराच्या गळ्यातला रुमाल. गाव बदलतं, तालुका बदलतो, बाकी मजकूर तोच. पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते आणि विषय तिथेच मिटतो. यंत्र फिरवणाऱ्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, झाकण होतं की नव्हतं, हे त्या चार ओळींत लिहिलेलं मी आजवर वाचलेलं नाही.

लिहिलेलं नसतं, कारण कुणी विचारलेलंच नसतं. बाई बेसावध होती, हे सगळ्यांनी मनात आधीच ठरवून टाकलेलं असतं. मातीला गेलेली माणसं परतताना हेच बोलतात, की पदर नीट खोचला असता तर वाचली असती. मेलेल्या बाईच्या माथी दोष बसतो आणि यंत्र चार दिवसांनी दुसऱ्याच्या वावरात उभं राहतं. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. कपडा अडकतो, कारण अडकण्याजोगं काहीतरी उघडं फिरत असतं. ते झाकणं यंत्रमालकाचं काम आहे. ज्या यंत्रांना सरकार अनुदान देतं, तिथे ते सरकारचंही काम आहे. बाईनं सांभाळून वागायचं हा सगळ्यात शेवटचा उपाय झाला. आपण तो पहिला आणि एकमेव करून ठेवलाय.

ट्रॅक्टरच्या मागे जो दांडा फिरतो, त्याला सगळे पीटीओ म्हणतात. तिथून मळणी यंत्रापर्यंत शाफ्ट जातो, दोन्ही टोकांना सांधे असतात. या पीटीओची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धरला तरी एका सेकंदात जवळपास दोन मीटर कापड त्याच्यावर गुंडाळलं जातं. पदराचं टोक ओढलं गेलंय हे कळून अंग मागे घ्यायला माणसाला पाऊण-एक सेकंद तरी लागतो. तेवढ्यात सैल असलेलं सगळं कापड संपलेलं असतं आणि पुढची ओढ थेट गळ्याला किंवा कमरेला बसते. कुणीतरी ओरडणार, ड्रायव्हरच्या कानावर ते इंजिनाच्या आवाजातून जाणार, मग ड्रायव्हर पीटीओ बंद करायचा खटका ओढणार. यात तीन सेकंद गेले असं धरा, म्हणजे सहा मीटर. सहावारी साडी एवढ्यात संपते. आणि पीटीओ बंद केला तरी मळणीचा जड ड्रम आपल्या वेगानं काही काळ फिरतच राहतो. ‘लक्ष ठेवा’ या सल्ल्याला या हिशेबात जागाच नाही. लक्ष होतं तरीही माणूस जातो, इतकी ही गोष्ट वेगवान आहे.

गुळगुळीत दांड्यावर कापड कसं अडकेल, असंही विचारलं जातं. विचारणाऱ्यांनी सांध्याजवळ जाऊन बघावं, अर्थात यंत्र बंद असताना. तिथे क्रॉस, म्हणजे सांध्यातला चौफुलीसारखा तुकडा असतो, ग्रीसचं निप्पल वर आलेलं असतं, तुटलेल्या पिनेच्या जागी घातलेला बोल्ट अर्धा इंच बाहेर असतो, त्यावर नटही असतो. औसा तालुक्यात एका खळ्यावर मी पाहिलेल्या यंत्रावर तर बोल्टसुद्धा नव्हता. पिनेच्या जागी बाइंडिंगची तार दोन-तीन वेढे देऊन पिळलेली होती आणि तारेची दोन्ही टोकं मोकळी. कंपनीनं दिलेली काळी प्लास्टिकची नळी होती, पण ती उभी चिरलेली आणि खताच्या पोत्याच्या सुतळीनं बांधलेली. त्यामुळे तीही शाफ्टबरोबर गरगर फिरत होती. झाकणच फिरायला लागलं की ते झाकण राहत नाही. खरं म्हणजे त्या नळीला एक बारीक साखळी असते आणि ती ट्रॅक्टरला किंवा यंत्राला अडकवायची असते. आत शाफ्ट फिरतो, बाहेर नळी जागेवर राहते, हीच तिची सगळी करामत. साखळी तुटली की पुन्हा कुणी लावत नाही.

त्याच खळ्यावर बनीम, म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा ढीग, शाफ्टच्या एका अंगाला होती आणि पाण्याची घागर दुसऱ्या अंगाला. बायका तहान लागली की शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जात होत्या. ट्रॅक्टरला वळसा घालून जायला तीस-चाळीस पावलं जास्त पडत होती. ट्रॅक्टरच्या सीटवर कुणी नव्हतं. ड्रायव्हर मागे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, शिवायला मदत करत होता, कारण टोळीत एक माणूस कमी होता. यातला कुणीही वाईट माणूस नव्हता. घागर अलीकडे ठेवावी, एवढंच कुणाला सुचलं नव्हतं.

आता कपड्यांकडे येऊ, कारण चर्चा तिथेच अडकते. सोयाबीनच्या मळणीत बाई अंगावर काय काय घालते? साडी, साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला पदर, त्यावर स्कार्फ, तोंडाला रुमाल. हौस म्हणून नाही. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगा टोचतात, काडीनं हात सोलवटतात आणि यंत्रातून उडणारी गुळी, म्हणजे भुसा, नाका-डोळ्यांत जाऊन रात्रभर खोकला लागतो. धुळीपासून वाचायला ती कापड वाढवते आणि तेच कापड शाफ्टला सापडतं. म्हणून ‘स्कार्फ काढून काम करा’ असं सांगणारी पत्रकं निरुपयोगी ठरतात. धुळीचं काय करायचं, ते त्यांत नसतं. गुळीच्या पंख्याचं तोंड वारा जिकडे वाहतो तिकडे ठेवणं, तोंडाला बांधायच्या रुमालाऐवजी कानाला अडकणारा धुळीचा मास्क देणं आणि पदर शर्टाच्या आत घेऊन शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणं, एवढं केलं तरी सैल टोकं बरीच कमी होतात. मास्क आणि घट्ट शर्ट कुणी द्यायचा? माझ्या मते, ज्याचं यंत्र आहे त्यानं.

हे मी मनचं सांगत नाही. कारखान्यात हाच नियम चालत आलाय. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम २१ सांगायचं, की शक्ती वाहून नेणारा प्रत्येक फिरता भाग पक्क्या कुंपणानं झाकलेला असला पाहिजे. कलम २२ म्हणायचं, की चालू यंत्राची तपासणी किंवा ग्रीस-तेल करावंच लागलं तर ते प्रशिक्षित प्रौढ कामगारानं अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावं आणि ते कपडे मालकानं पुरवावेत. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात उघडा फिरता शाफ्ट दिसला तर निरीक्षक मालकाला जाब विचारू शकतो. तिथून तासाभराच्या अंतरावर, गंगापूर किंवा पैठण तालुक्यातल्या एखाद्या वावरात, तसाच शाफ्ट दिवस-रात्र उघडा फिरतो आणि विचारणारं कुणी नाही. बाईचा जीव दोन्हीकडे सारखाच असतो.

शेतीसाठी कायदा झालाच नाही असंही नाही. हरितक्रांतीनंतर पंजाब-हरियाणात गव्हाच्या मळणी यंत्रांनी इतक्या माणसांचे हात नेले, की संसदेला १९८३ साली ‘धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम’ करावा लागला. शक्तीवर चालणारं मळणी यंत्र हे त्या कायद्याचं मुख्य लक्ष्य. बनवणाऱ्याला परवाना, यंत्राला सुरक्षिततेची मानकं, जखमी झालेल्याला भरपाई, हे सगळं त्यात आहे. पेंढी जिथून आत ढकलतात त्या पन्हाळीबद्दल भारतीय मानकही आहे. पन्हाळ निदान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि ड्रमच्या बाजूचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे पेंढी ढकलणारा हात ड्रमपर्यंत पोहोचतच नाही. आपल्याकडच्या कित्येक यंत्रांची पन्हाळ मोजून बघा. आखूड असते. लांब पन्हाळीनं माल सावकाश जातो म्हणून ती कापून घेतलेलीही मी पाहिली आहे. कायदा झाला तेव्हा मराठवाड्यात ज्वारी, बाजरी, तूर होती. सोयाबीन नंतर आलं आणि लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोलीचं शिवार त्यानं भरून टाकलं. यंत्रं आली, कायदा कागदावर राहिला. तुमच्या तालुक्यात हा कायदा कोण राबवतो, हे तहसीलमध्ये किंवा कृषी कार्यालयात विचारून बघा. सरळ उत्तर मिळालं तर चांगलंच.

घाई कुठून येते, तेही समजून घ्यायला हवं. मळणीवाल्याला पैसे कट्ट्यामागे मिळतात. एका हंगामात त्याचे कमाईचे दिवस मोजकेच असतात, डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता असतो आणि पाच शेतकरी फोन करून ‘आमच्याकडे कधी?’ विचारत असतात. शेतकऱ्याला आभाळाची धास्ती असते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जी अतिवृष्टी झाली, तिनं उभं पीक पाण्यात गेलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना बनीम एक रात्रही उघडी ठेववत नाही. मग रात्री बाराला ट्रॅक्टरच्या दिव्यावर रास, म्हणजे मळणी, सुरू होते. त्यातही माल ओलसर असला तर जास्त धोका. ओलं सोयाबीन ड्रमला गुंडाळतं, यंत्र कोंडतं, आवाज बदलतो आणि यंत्र बंद न करता कुणीतरी हातानं काडी ओढायला जातं. बंद करून, काढून, पुन्हा सुरू करण्यात पाच-दहा मिनिटं जातात आणि त्या मिनिटांचा भाव कट्ट्यांत ठरलेला असतो. कट्ट्यामागे पैसे देण्याची पद्धत एका दिवसात बदलणार नाही. पण ओल्या मालाचा दर वेगळा आणि जास्त ठरवला, तर थांबून कोंडलेलं काढायला मळणीवाल्याला परवडेल. हे गावपातळीवर ठरवता येतं, त्याला मुंबईचा शासन निर्णय लागत नाही.

शासनाला मात्र एक गोष्ट लगेच करता येईल. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, निवड झाली की ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणी यंत्र, वैरण बारीक करणारी कडबा कुट्टी यांवर अनुदान. गटांच्या अवजारे बँकांनाही पैसा मिळतो, पोकराच्या, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावांत त्या बऱ्याच उभ्या राहिल्या. हे सगळं चांगलंच आहे, यंत्राशिवाय आता शेती होणार नाही. अनुदानासाठी यंत्राचा तपासणी अहवाल लागतो. बुदनी, हिस्सार अशा ठिकाणी केंद्राच्या यंत्र तपासणी संस्था आहेत. पण तपासलं जातं ते नवं यंत्र. माणूस मरतो तो तीन हंगाम वापरलेल्या यंत्रानं, ज्याची नळी चिरलेली आणि जाळी काढून ठेवलेली असते. म्हणून अनुदानाच्या यंत्राला एक अट जोडावी. पहिली पाच वर्षं दर सप्टेंबरमध्ये शाफ्टचं झाकण, पट्ट्यांवरची जाळी आणि पन्हाळ यांचे जागेवर काढलेले फोटो पोर्टलवर चढवायचे, नाहीतर पुढचा कुठलाही लाभ नाही. शेततळ्याचे, ठिबकचे फोटो सरकार जागेचे अक्षांश-रेखांश लावून मागतंच. शाफ्टचाही मागावा.

यावर यंत्रमालकांचं म्हणणं मी ऐकलेलं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. प्लास्टिकची नळी टिकत नाही, हे खरं आहे. ग्रीस करायला ती आड येते, हेही खरं. बाजारात सुटी नळी शोधायला गेलं तर तालुक्याला मिळत नाही, जिल्ह्याला जावं लागतं. आणि मालक म्हणजे कुणी कारखानदार नव्हे, चार-पाच एकरवाला शेतकरीच असतो, घरचा ट्रॅक्टर फेडण्यासाठी मळणीच्या धंद्यात उतरलेला. मान्य. पण नळी मिळत नसेल तर गावचा वेल्डर आहे. पत्र्याचं अर्धगोल झाकण करून ते यंत्राच्या सांगाड्याला बिजागरीवर बसवता येतं, ग्रीसच्या वेळी उचलायचं, काम झालं की खाली. शाफ्ट हलतो तेवढी जागा सोडायची, बस. उभ्या यंत्राला हे सहज जमतं, कारण मळणीच्या वेळी ट्रॅक्टर जागचा हलत नाही. लाखांच्या यंत्रापुढे पत्र्याचा आणि वेल्डिंगचा खर्च किरकोळ आहे. तो परवडत नाही असं जो म्हणतो, तो दर हंगामात पट्टे आणि बेअरिंग बदलतोच. कारण ते तुटले तर यंत्र थांबतं. झाकण तुटलं तर यंत्र थांबत नाही, एवढाच फरक आहे.

परभणीला १९७२ पासून आपलं कृषी विद्यापीठ आहे, अभियांत्रिकीचं महाविद्यालयही आहे. अशा पत्र्याच्या झाकणाचा एक साधा आराखडा, मापांसकट, मराठीत, वेल्डरला कळेल असा काढून जिल्ह्या-जिल्ह्यांत वाटणं त्यांना अवघड नाही. विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्याला हजारो शेतकरी जातात. तिथे नव्या वाणांच्या शेजारी एक झाकलेला आणि एक उघडा शाफ्ट ठेवावा, उघड्यावर जुनी साडी सोडून दाखवावी, सगळ्यांना लांब उभं करून. एकदा बघितलेला माणूस विसरणार नाही.

कडबा कुट्टीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण ती खळ्यावर नसते, घरात असते. गोठ्यात, शेतातल्या आखाड्यावर, एका फेजच्या मोटारीवर. वैरण टाकायचं काम बायका आणि शाळेतून आलेली पोरं करतात. दातेरी रोलर वैरण आत ओढतो, वैरणीबरोबर बोटंही ओढतो. आणि तिचा मराठवाड्यातला खास धोका विजेचा आहे. कुट्टी चालू असताना लाइट जाते. अडकलेला कडबा काढायला हीच वेळ बरी म्हणून माणूस आत हात घालतो, बटण चालूच असतं. लाइट येते. साध्या बटणावरची मोटार त्याच क्षणी सुरू होते. पंपाच्या स्टार्टरमध्ये जी नो-व्होल्ट कॉइल असते, ती लाइट गेली की संपर्क सोडते आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटार चालत नाही. पंपाला आपण त्यावर ‘ऑटो’, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा स्विच, बसवून ही सोय घालवतो, तो भाग निराळा. कुट्टीला तसा स्टार्टर असलाच पाहिजे आणि त्याला ऑटो कधीच लावता कामा नये. तोवर लाइट गेली की आधी प्लग उपटायचा, मग हात लावायचा. घरातल्या पोरांना हे पाढ्यांसारखं पाठ करून घ्यावं. खरं तर पोरांनी कुट्टीजवळ जाऊच नये. सोळा-सतराची पोरं ‘मोठी झाली’ म्हणून आपण त्यांना जुंपतो, तेही थांबायला हवं.

वसमत-हिंगोलीकडे हळदीच्या पॉलिशचे ड्रम, गुऱ्हाळाचे चरक, रोटाव्हेटर, या सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच आहे.

आता अपघातानंतरचं. राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख रुपये, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. पण पात्र कोण? सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक सदस्य. वाहेगावची, रेणापूरची किंवा किनवटची भूमिहीन मजूर बाई, जी दुसऱ्याच्या वावरात पेंढ्या टाकते आणि त्या शाफ्टच्या सगळ्यात जवळ असते, ती या योजनेत नाही. ज्याचं सोयाबीन आहे त्याला संरक्षण, ती काढणारीला नाही, हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते तसं म्हणायला हवं. योजनेत ‘शेतमजूर’ हा एक शब्द घालायला सरकारला कुणाची आडकाठी आहे? कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यानं यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या अवजारांनी शेती करणारे मजूर आपल्या परिशिष्टात घेतले होते. म्हणजे मालकाची जबाबदारी नवी नाही. पण कुठली बाई ट्रॅक्टरमालकाविरुद्ध दाद मागायला जाते, जेव्हा पुढच्या हंगामात त्याच गावात तिच्या जावेला काम हवं असतं? तडजोड होते, थोडे पैसे हातावर ठेवले जातात, ते दवाखान्यातच संपतात.

तोवर निदान एवढं व्हावं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. टोळी ठरवताना मुकादमानं किंवा मालकानं प्रत्येकीचा हा विमा आहे की नाही ते बघावं आणि नसेल तर आपल्या खिशातून वीस रुपये भरावेत. आणि खळ्यावर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असावं, की कुणी अडकलंच तर आधी इंजिन बंद करायचं, माणूस ओढून काढायचा नाही, शाफ्ट उलटा फिरवायचा नाही, १०८ ला फोन लावायचा. हात किंवा बोट तुटलं असेल तर रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापडानं घट्ट दाब धरून ठेवायचा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फात ठेवायची, भाग थेट बर्फावर नाही. जवळच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला आपल्याकडे दीड-दोन तास जातात, त्यामुळे ही पिशवी खूप काही ठरवते.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असते आणि सोयाबीन निघायला त्यानंतर महिना-दीड महिना उरलेला असतो. झाकण करून घ्यायला तेवढा वेळ पुरतो. त्या सभेत एक ठराव मांडता येईल: शाफ्ट आणि पट्टे झाकलेले नसतील, पन्हाळ आखूड असेल, तर ते यंत्र आमच्या शिवारात लावलं जाणार नाही. ज्यांच्याकडे यंत्र आहे ते दोन-चार जण विरोध करतील. मजूर बायकांना त्या दिवशी सभेला बसवा आणि आधी त्यांना बोलू द्या.